वाफसा नसताना मसाई मारा

एप्रिलमध्ये केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात जायचंय म्हटल्यावर पहिल्या ट्रॅव्हलवाल्याने मला जुलैची तारीख दिली, दुसऱ्याने ऑगस्टची. तिसरा जरा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "मॅडम, एप्रिलमध्ये तिकडे नुसता चिखल असतो. गाड्या रुततात आणि लोक आम्हाला शिव्या घालतात." मला हसूच आलं. माझं माहेर परभणी जिल्ह्यातलं, काळ्या रानातलं. ओढ्यापाशी चपला हातात घ्यायच्या आणि शाळेच्या पायरीवर बसून काडीने तळपायाचा चिखल खरवडायचा, हा आमचा पावसाळ्यातला नित्यनेम. मला चिखलाची भीती काय घालता?

एप्रिल निवडला तो नाइलाजाने. आम्ही दोघंही करसल्लागार. जुलैत रिटर्नं, ऑगस्ट-सप्टेंबरात ऑडिटं. शेजारच्या टांझानियातल्या सेरेनगेटीतली वाइल्डबीस्ट नावाची लाखो हरणं गवताच्या मागे उत्तरेला येऊन मारा नदी ओलांडतात आणि सगळं जग ते बघायला केनियात लोटतं, नेमक्या त्याच महिन्यांत आम्ही मान वर करत नाही. मार्चएंड उरकला की दोन-तीन आठवडे काय ते मोकळे. शिवाय हिशेब. माराच्या मुख्य अभयारण्याचं परदेशी पाहुण्यांसाठीचं शुल्क जानेवारी ते जून माणशी दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २००. आम्ही दोघं, चार दिवस. आकडेमोड करायला आम्हाला कॅल्क्युलेटर लागत नाही.

केनियाला पावसाळे दोन. मार्च ते मे मोठा, तो 'मासिका'. ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा, तो 'व्हुली'. आम्ही मासिकाच्या ऐन मध्यावर निघालो होतो. निघताना अण्णांना, म्हणजे वडिलांना, फोन केला. त्यांचा एकच प्रश्न: "एप्रिलात पाऊस? मग पेरणी कधी करतात?"

तयारीतला सगळ्यात कंटाळवाणा भाग म्हणजे पीतज्वराची, म्हणजे यलो फीव्हरची लस. केनियाहून भारतात परतताना तिचा पिवळा दाखला नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात बसवू शकतात. लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, पण एकदा घेतली की दाखला आयुष्यभर चालतो. सुई टोचणाऱ्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "अंडं खाल्लं की त्रास होतो का?" ही लस कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भात वाढवतात, हे मला तिथे कळलं. नवरा त्यावर म्हणाला, "श्रावणात घ्यायची नाही म्हणजे." बाई हसल्या नाहीत. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या, त्या परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायच्या होत्या. ओल्या दिवसांत डास जास्त, तेव्हा यात कुचराई नको.

दुसरी अडचण घरगुती होती. केनियाने २०१७ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. आणि आमचं सामान भरायचं म्हणजे पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी. पावसात भिजू नये म्हणून तर दुप्पट. सगळं काढून कापडी पिशव्यांत भरलं, कॅमेऱ्यासाठी एक जलरोधक पिशवी घेतली. तिचा खर्च पुढे वसूल झाला.

गाडीच्या बाबतीत मात्र मी हटून बसले. दर कमी करण्यासाठी ट्रॅव्हलवाला व्हॅन देत होता. व्हॅन कोरड्या दिवसांत चालते, वरचं छप्परही उचलतं, पण तिचा जोर दोनच चाकांवर. "चारही चाकं ओढणारी लँड क्रूझर देणार असाल तर बोला," म्हटलं. तेवढ्या एका गोष्टीत मी शहाणपणा केला. पुढे केला नाही, ते सांगतेच.

मुंबईहून नैरोबी थेट विमानाने साधारण सहा तास. आमचे चालक आणि वाटाडे एकच, पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. बाकीचे चालक त्यांना 'म्झे' म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे मोठ्या माणसाला 'बाबा' म्हणतात तसं. आम्हीही तेच धरलं. गाडीला स्वाहिलीत 'गारी' म्हणतात, दुकानाला 'दुका', चहाला 'चाय', पोळीला 'चपाती'. त्यामुळे पहिल्या तासाभरातच नवऱ्याला आपल्याला भाषा येते असं वाटायला लागलं. 'सफारी' म्हणजे नुसता प्रवास. म्झे रोज संध्याकाळी घरी फोन करून आपली सफारी कशी चाललीय ते सांगायचे, त्यात सिंह असायचाच असं नाही.

पहिला मुक्काम नाकुरू सरोवर. हे एकेकाळी रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या गुलाबी गर्दीसाठी प्रसिद्ध होतं. गेल्या दीड दशकात सरोवराचं पाणी इतकं वाढलं की जुनं प्रवेशद्वार आणि काठचे रस्ते बुडाले. खाऱ्या पाण्याचा खारेपणा उतरला, रोहित ज्या शेवाळावर जगतात ते कमी झालं आणि बहुतेक पक्षी उत्तरेला बोगोरिया सरोवराकडे गेले. काठावरची बाभळीच्या जातीची झाडं पाण्यात उभ्या उभ्या मेलीयत. पांढरी खोडं, त्यांवर पाणकावळे, वरून भुरभुर पाऊस. मला धरणाखाली गेलेल्या गावांची शिवारं आठवली. तिथे पांढरे गेंडे मात्र चांगले तासभर दिसले. पाऊस पडत असताना गेंडा काय करतो? चरतो. मान वर करत नाही. त्याच्याबद्दल मला फार आपलेपणा वाटला.

मारात पोचलो तो दिवस सगळा रस्त्यात गेला. नारोक गावानंतर माराच्या सेकेनानी फाटकापर्यंत डांबरी रस्ता आहे, खरी गंमत फाटकाच्या पुढे. तंबूत गेलो तर पलंगाशेजारी गमबुटांचे दोन जोड मांडून ठेवलेले आणि रात्री पांघरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ गरम पाण्याची पिशवी कशाला, असं वाटेल. पण हा सगळा पठारी मुलूख दीड हजार मीटरच्या वरचा, रात्री चांगलंच गारठतं. कपडे मात्र पाच दिवसांत एकदाही खडखडीत वाळले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दमटच वावरत होतो.

तिथला पाऊस आपल्या झडीसारखा नाही. सकाळ स्वच्छ. दुपारनंतर पश्चिमेला, व्हिक्टोरिया सरोवराच्या अंगाला ढग चढत जातात आणि तीन-चारच्या सुमारास पाण्याचा पडदा सरकत येतो. सपाट माळ असल्यामुळे तो येताना दिसतो, अगदी अर्धा तास आधीपासून. आधी त्या टोकाची टेकडी पुसली जाते, मग मधली झाडं, मग वारा गार होतो, आणि म्झे गाडीचं छप्पर खाली ओढतात. तेव्हा आमचं वेळापत्रक असं ठरलं: सहाला फाटक उघडलं की आत आणि अडीचच्या आत परत. दुपारच्या फेरीचा नाद सोडला.

आता प्राणी. आधीच सांगते, चार दिवसांत आम्हाला बिबट्या दिसला नाही आणि मारात गेंडाही दिसला नाही. गवत कमरेला लागेल इतकं उंच. सिंह बसला की संपला विषय. शिवाय पाणी जागोजाग साचलेलं, त्यामुळे प्राण्यांना नदीवर यायची गरज नाही, सगळे पांगलेले. कोरड्या दिवसांत पाणवठ्याशी दबा धरून बसलं की सगळं समोरून जातं, ती सोय इथे नाही. यादी घेऊन येणाऱ्याने, चौकोनात बरोबरच्या खुणा करणाऱ्याने, एप्रिलमध्ये येऊ नये. तो म्झेंना छळेल आणि स्वतःही छळला जाईल.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वळण घेतलं तर रस्त्यावर नऊ सिंह. माद्या आणि पिल्लं. ओलं गवत त्यांना आवडत नाही, म्हणून रात्रभर पाऊस झाला की उन्हाला येऊन गाडीवाटेवर बसतात. आम्ही वीस फुटांवर थांबलो. एक मादी पिल्लाचं पाठीवरचं पाणी चाटून काढत होती. खरखरीत जिभेने केस उलटे होत आणि पिल्लू प्रत्येक वेळी पुढे ढकललं जाई. दुसरं एक पिल्लू आमच्या पुढच्या चाकाच्या चरात साचलेलं पाणी पीत होतं. त्याच्या मिशांवर चिखलाचे थेंब, आणि पाण्यात स्वतःचं तोंड दिसलं की ते मागे सरकायचं, परत वाकायचं. इतकं जवळ की पाणी पितानाचा लपलप आवाज ऐकू येत होता. पाऊण तासात आमच्याशिवाय दोनच गाड्या आल्या. म्झे म्हणाले, ऑगस्टमध्ये इथे तीस असत्या आणि तुम्हाला सिंहाऐवजी दुसऱ्या गाडीतल्या माणसाची टोपी दिसली असती.

त्याच दिवशी वारुळांतून पंख फुटलेली वाळवी निघाली. हे दृश्य आपल्याकडे जूनमध्ये दिव्याखाली दिसतं, दुसऱ्या दिवशी पंख झाडून काढायचे. तिथे सगळं रान जेवायला बसलं होतं. कोल्हा वारुळाच्या तोंडाशी जीभ लावून उभा. तपकिरी गरुड, ज्याला आपण आकाशातच बघतो, तो जमिनीवर कोंबडीसारखा चालत एकेक किडा टिपत होता. गरुडाचा तेवढा रुबाब उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

आणि तंबूमागच्या झुडपात चातक. काळा-पांढरा, डोक्यावर तुरा, पंखावर पांढरा ठिपका. आमच्याकडे 'पेरते व्हा' म्हणणारा पावशा वेगळा, तो इथलाच. चातक मात्र समुद्र ओलांडून येतो आणि पाऊस आपल्याकडे पोचायच्या थोडा आधी हजर होतो. त्याच्यासारखेच आपल्या मोसमी पावसाचे वारेही केनिया-सोमालियाच्या किनाऱ्याला घासून अरबी समुद्रावर वळतात. हे भूगोलात शिकलेलं. पण हा पक्षी महिना-दीड महिन्यात परभणीच्या बाभळीवर बसू शकतो, हे मनात आलं आणि मी चहा गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसले.

चौथा दिवस. रात्रभर पाऊस झाला होता, नेहमीच्या वेळेपेक्षा उशिरापर्यंत. साडेआठला रेडिओवर बातमी आली की पलीकडच्या माळावर चित्ता वारुळावर बसलाय. दोन रस्ते होते. एक लांबचा, दगडगोट्यांचा. दुसरा खोलगटातून सरळ जाणारा. म्झेंनी खोलगटाच्या तोंडाशी गाडी थांबवली आणि दार अर्धं उघडून खाली बघितलं.

मीही बघितलं. काळी माती, वरून आरशासारखी चमकत होती. अण्णांचा नियम आहे, माती चमकते तोवर तिच्यात पाय घालायचा नाही. मूठभर घ्यायची, दाबून गोळा करायचा, बोटाने टोकलं की गोळा फुटला तर वाफसा आला, म्हणजे माती पाय घालण्याजोगी झाली. नुसता दबला तर घरी जाऊन चहा प्यायचा. हे मला चौथीपासून ठाऊक आहे. नवरा कोकणातला. त्याच्या गावी जांभा दगड, शंभर इंच पाऊस पडला तरी तासाभरात पायवाट कोरडी. तो म्हणाला, "जाईल की, फोर व्हील आहे." म्झेंनी माझ्याकडे पाहिलं. मला चित्ता बघायचा होता. मी काही बोलले नाही.

शंभर फूट गेलो असू. आधी मागची बाजू हलकेच डावीकडे घसरली, बैलगाडी घसरते तशी, न ओरडता. मग चाकं फिरत राहिली आणि गाडी जागेवर. बघता बघता टायरच्या सगळ्या खाचा मातीने भरल्या आणि चार चाकांचे चार गुळगुळीत लाडू झाले. "ॲक्सिलरेटर द्या," नवरा म्हणाला. "अजिबात नको," मी म्हटलं, पण आता माझ्या बोलण्याला काय किंमत. म्झेंनी इंजिन बंद केलं आणि त्या दिवसातलं पहिलं पूर्ण वाक्य बोलले: "ही काळी कापसाची माती आहे."

कापसाची काळी माती. इंग्रजांनी आपल्या रानाला दिलेलं नाव, केनियातले चालकही तेच वापरतात, शिवारात कापसाचं बोंड नसताना. स्वभाव तोच. पाणी पिऊन फुगते, उन्हाने आक्रसून भेगाळते, आणि मधल्या काळात जे सापडेल ते धरून ठेवते. साडेचार-पाच हजार किलोमीटर येऊन मी घरच्याच मातीत रुतले होते.

अभयारण्यात गाडीतून उतरायला बंदी आहे. म्झेंनी दुर्बिणीने चारी बाजू दोनदा बघितल्या, मग उतरले. जॅक लावला तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅक खाली गेला. त्याच्याखाली फळी घातली, फळीही गेली. रेडिओवरून एक गाडी मदतीला आली, दोर बांधला, ओढलं, आणि तीही रुतली. आता दोन गाड्या, सहा प्रवासी, दोन चालक. दुसरा चालक उतरला तो आधी म्झेंना आणि मग आम्हाला म्हणाला, "पोले." म्हणजे वाईट वाटलं. चूक कुणाचीही असो, समोरच्यावर वेळ आली की 'पोले' म्हणायचं, असा तिथला रिवाज. स्वतः गुडघ्यापर्यंत चिखलात उभा राहून तो मला पोले म्हणत होता.

तीन तास गेले. पहिला तास चिडचिडीत. दुसऱ्या तासात मला लघवीला जायची पाळी आली. बाईमाणसाने ही गोष्ट आधी विचारात घ्यावी म्हणून लिहिते. म्झेंनी परत दुर्बीण फिरवली, गाडीच्या ज्या बाजूला गवत कमी ती दाखवली, स्वतः पाठ करून उभे राहिले, नवऱ्याने रेनकोट धरला. कमरेएवढ्या गवताकडे तोंड करून बसणं हा विचार करण्यासारखा अनुभव आहे. मी झटपट आटोपलं. पायाला चिकटलेली माती घेऊन गाडीत चढले तेव्हा एकेक बूट दोन-दोन किलोचा झाला होता.

तेवढ्यात एक तरस आलं. चाळीसेक फुटांवर आमच्याच चाकोरीत पाणी साचलं होतं, त्यात ते पोट टेकून पसरलं. डोळे मिटले. मधूनच एक डोळा उघडून चार माणसं मातीशी काय झटापट करतायत ते बघायचं आणि परत मिटायचं. गावात ट्रॅक्टर रुतला की पारावरची माणसं जशी बघत बसतात, अगदी तशी नजर.

बाराच्या सुमाराला पश्चिमेला ढग चढायला लागले आणि सगळे गप्प झाले. दुसऱ्या गाडीतल्या बाईंनी बिस्किटांचा पुडा फिरवला. आणि मग टेकडीमागून आवाज आला. तो आवाज मी झोपेतही ओळखेन. धडधडत, डुलत, लाल रंगाचा मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर. सिंह पाहून जे झालं नव्हतं ते मला तो ट्रॅक्टर पाहून झालं, डोळ्यांत पाणी आलं. ट्रॅक्टरवाल्याने खोलगटात यायचा वेडेपणा केला नाही. वर घट्ट जमिनीवर थांबला, लांब साखळी सोडली, आणि आधी दुसरी गाडी आणि मग आमची, मागच्या मागे ओढून काढली. दहा मिनिटं. चित्ता केव्हाच उठून गेला होता.

सुटल्यावर मागे वळून पाहिलं. आम्ही केलेले खड्डे, फूटभर खोल, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना इतर गाड्यांनी खड्डे चुकवायला पाडलेल्या जुन्या वाटा. एका वाटेच्या चार होतात, चाराच्या आठ, आणि तेवढ्या पट्ट्यात गवत मरतं. पावसाळ्यात निम्म्या पैशात येणारे आपणही या रानाला काहीतरी किंमत लावून जातो, हे मला टोचलं. सफारीच्या छान छान फोटोंत ते खड्डे कधी येत नाहीत, म्हणून मी मुद्दाम दोन फोटो काढले.

शेवटच्या दिवशी मारातल्या तालेक नदीला पाणी चढलं होतं. म्झेंनी काठाशी गाडी थांबवली, उतरून एक काडी पाण्याच्या कडेला रोवली आणि आम्ही थर्मासमधला चहा पीत काडीकडे बघत बसलो. दोन तासांत पाणी वीतभर उतरलं, तेव्हा निघालो. आदल्या वर्षी, २०२४ च्या एप्रिलअखेरीस, हीच नदी रात्रीतून काठ सोडून काही कॅम्पांत शिरली होती आणि पर्यटकांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. त्याच आठवड्यात नैरोबीच्या वाटेवरच्या माई माहियूजवळ लोंढा येऊन कित्येक माणसं गेली. परतताना म्झेंनी ती जागा दाखवली. गाडीचा वेग कमी केला, काही बोलले नाहीत. तेव्हा, पाऊस म्हणजे स्वस्ताई एवढाच अर्थ लावून कुणी जाऊ नये. चालक थांबा म्हणाला की थांबायचं.

मुंबई विमानतळावर पिवळा दाखला बघून अधिकाऱ्याने मान हलवली, झालं.

मे महिन्यात माहेरी गेले. अंगणात बाजेवर अण्णा, मोबाइल त्यांच्या हातात. नऊ सिंहांचा फोटो त्यांनी "बरं" म्हणून सरकवला. गेंडा सरकवला. गरुडापाशी क्षणभर थांबले. मग खड्ड्यांचा फोटो आला. चष्मा नाकावर घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, परत मोठा केला.

"माती तर आपलीच हाय की," म्हणाले. "काय घेतात हिच्यात?"

"काही नाही, नुसतं गवत."

त्यांनी चाकाच्या चरावर बोट ठेवलं. वरून चमकणारी माती फोटोतही दिसत होती.

"मग वापसा नसताना गाडी घातली कशाला? तू नव्हतीस का गाडीत?"